टॅरागॉन लावायचंय? रोप आणायच्या आधी एवढं वाचून घ्या

टॅरागॉन हे स्वयंपाकात पानं वापरायचं झाड, दिसायला अगदी साधं. बारीक लांबट पानं, गवताच्या पात्यासारखी, ना डोळ्यात भरणारं फूल ना काही, हर्ब गार्डनमध्ये बेसिल आणि रोझमेरीच्या शेजारी ठेवलं तर कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. पण एक पान बोटांत चुरगाळून नाकाशी धरा. आधी बडीशेपेसारखा वास येतो, मग ज्येष्ठमधाचा गोडवा, आणि त्याच्या मागून मिरीसारखं काहीतरी हलकं तिखट. मी या वासासाठीच हे झाड लावायचं ठरवलं आणि ते नीट जगायला मला तीन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी मी बियांचं पाकीट आणलं, त्यावर नुसतं 'टॅरागॉन' लिहिलं होतं. बिया भराभर उगवल्या, झाड कमरेपर्यंत गेलं, आणि पानाला वास म्हणाल तर ओल्या गवताचा. मी सगळा उन्हाळा माती बदल, खत बदल करत बसले आणि दोष होता बियांतच. दुसऱ्या वर्षी खरं रोप मिळालं, त्याला मी मायेने रोज पाणी घातलं, तिसऱ्या आठवड्यात बुंधा काळा पडून ते गेलं. तिसरं रोप मात्र लागलं आणि आज पाच वर्षं झाली, त्याची आता चार रोपं झालीत. या दोन चुका तुमच्या वाटणीला येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. चुकीचं रोप आणि जास्तीचं पाणी, टॅरागॉन लावणाऱ्या बहुतेकांचं घोडं याच दोन ठिकाणी अडतं, त्यामुळे त्या दोन भागांवर जरा जास्त लिहिलंय.

१. 'टॅरागॉन' नावाची तीन झाडं आहेत, आधी ती ओळखा

फ्रेंच टॅरागॉन: स्वयंपाकात जे टॅरागॉन म्हणतात ते हेच. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकनक्युलस, आणि लागवडीतल्या या जातीला पुढे 'सॅटिव्हा' लावतात. ड्रॅकनक्युलस म्हणजे लॅटिनमध्ये छोटा ड्रॅगन, आणि याची मुळं एकदा उकरून बघितली की ते नाव पटतं, एकमेकांत सापासारखी वेटोळी घालून बसलेली असतात. पानं गुळगुळीत, थोडी चकचकीत, झाड ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत जातं. बडीशेपेसारखा वास येतो तो एस्ट्रागोल नावाच्या घटकामुळे आणि तो याच्यात भरपूर असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रेंच टॅरागॉनला रुजणारं बी येत नाही. झाड वांझ आहे. क्वचित बारीक हिरवट पिवळी फुलं येतात, बहुतेक वेळा ती नीट उमलतही नाहीत आणि त्यातून बी धरत नाही. म्हणजे जगात जेवढी फ्रेंच टॅरागॉनची झाडं आहेत ती सगळी कुठल्यातरी जुन्या झाडाचा तुकडा काढून किंवा फांदी लावून केलेली आहेत. त्यामुळे पाकिटावर 'फ्रेंच टॅरागॉन बी' असं लिहिलेलं दिसलं तर सरळ परत ठेवा, आत दुसरंच काहीतरी आहे.

रशियन टॅरागॉन: त्याच प्रजातीचं, पण रांगडं. बियांतून सहज येतं, दीड मीटरपर्यंत वाढतं, गरीब मातीत वाढतं, थंडी वारा सगळं सोसतं. पानं जरा फिकट आणि खरखरीत. चव मात्र फिकी, कधी कडवट. बियांची जी पाकिटं नुसती 'टॅरागॉन' म्हणून विकली जातात त्यात बहुधा हेच असतं. माझंही तेच झालं होतं. कोवळे शेंडे सॅलडमध्ये घालता येतात, पण टॅरागॉनची चव हवी म्हणून लावत असाल तर निराश व्हाल.

मेक्सिकन टॅरागॉन: हे आर्टेमिसिया नाहीच, हा झेंडूचा भाऊ आहे, टॅजेटिस ल्युसिडा. मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाचा. पण वास फ्रेंच टॅरागॉनच्या इतका जवळचा की नकली म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही. उष्णता सोसतो, दमट हवा सोसतो, बियांतून येतो, आणि शरद ऋतूत छोटी सोनेरी पिवळी फुलं येतात ती पण खाता येतात.

२. तुमच्याकडची हवा बघून कुठलं लावायचं ते ठरवा

फ्रेंच टॅरागॉन थंड प्रदेशाचं झाड आहे. दर हिवाळ्यात वरचा सगळा भाग वाळतो, मुळं जमिनीखाली झोपतात आणि वसंतात नवे फुटवे येतात. निचरा चांगला असेल तर उणे वीस अंशाच्या आसपासची थंडीही मुळं सोसतात. पण ही झोप त्याला लागते. जिथे हिवाळा नावालाच असतो तिथे झाड मरत नाही लगेच, पण दरवर्षी अशक्त होत जातं, फांद्या लांबट बारीक होतात, मग एका पावसाळी आठवड्यात जातं.

तर साधा हिशोब असा: थंडीत गोठणबिंदूच्या आसपास जात असेल आणि उन्हाळा बेताचा असेल तर डोळे झाकून फ्रेंच लावा. उन्हाळा कडक पण कोरडा असेल तरी जमतं, दुपारची सावली द्यावी लागते. पण महिनोन् महिने गरम आणि दमट असेल तर हट्ट करू नका, मेक्सिकन लावा. हा दुसऱ्या नंबरचा पर्याय वगैरे वाटून घेऊ नका, तुमच्या हवेत रसरशीत वाढलेला मेक्सिकन टॅरागॉन हा धापा टाकणाऱ्या फ्रेंचपेक्षा शंभर पटीने बरा.

इथून पुढे मुख्यतः फ्रेंचबद्दल लिहितेय, मेक्सिकनसाठी जिथे वेगळं करायचं तिथे सांगेन.

३. काय काय लागेल

- फ्रेंच टॅरागॉनचं एक चांगलं रोप (एकाच घरासाठी एक किंवा दोन पुरे, खरंच)
- कुंडी, तोंडाला आणि खोलीला निदान २५ ते ३० सेंटिमीटर, तळाला भोकं असलेली. मातीची असेल तर उत्तम
- हलकी माती किंवा तयार पॉटिंग मिक्स
- जाडी वाळू किंवा पर्लाईट (निचऱ्यासाठी मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे)
- थोडं जुनं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट
- धारदार कात्री किंवा छोटा सिकेटर (छाटणीची कात्री)
- बुंध्याभोवती पसरायला बारीक खडी
- नावाची पट्टी, कारण हिवाळ्यात झाड दिसेनासं होतं आणि आपण तिथे दुसरंच काहीतरी लावायला जातो

रूटिंग हार्मोनची (मुळं फुटायला मदत करणारी) पावडर असेल तर कटिंगला, म्हणजे फांदीचा तुकडा लावून रोप करायला, उपयोगी पडते, नसेल तरी अडत नाही. जमिनीत लावणार असाल आणि मातीबद्दल शंका असेल तर पीएच (मातीची आम्लता) तपासायची पट्टी घ्या, ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असलं की झालं.

४. रोप विकत घेताना पान चाखा

लेबलवर विश्वास ठेवू नका, जिभेवर ठेवा. विक्रेत्याला विचारून एक पान तोडा, आधी चुरगाळून वास घ्या. बडीशेपेचा वास लगेच यायला हवा, शोधावा लागत असेल तर ते रोप तुमचं नाही. मग पानाचा तुकडा पुढच्या दातांनी चावून जिभेच्या टोकावर क्षणभर ठेवा. खऱ्या फ्रेंच टॅरागॉनने आधी गोड लागतं आणि मग जीभ किंचित बधिर होते, झिणझिण्या आल्यासारखं होतं. रशियन चावलं तर असं काहीच होत नाही, नुसता पाला चावल्यासारखं वाटतं.

रोप बियांपासून केलंय की कटिंगपासून, हे पण विचारा. बियांपासून म्हणाले की विषय संपला.

दुसरं म्हणजे बुंधा बघा. मातीलगतचा भाग घट्ट आणि हिरवट तपकिरी हवा, मऊ किंवा काळसर असेल तर मुळं आधीच कुजायला लागलीत. पानांच्या खाली नारिंगी ठिपके असतील तर तो तांबेरा, असं रोप घरात आणूच नका, बाकीच्यांनाही लागेल. मोठं डेरेदार रोप घेण्यापेक्षा छोटं, बुडातून तीनचार फुटवे आलेलं घ्या, ते लवकर जीव धरतं.

५. जागा

दिवसाला सहा ते आठ तास ऊन. त्यापेक्षा कमी मिळालं तर फांद्या उजेडाकडे लांबत जातात आणि वास उतरतो. ऊन फार कडक असेल तिथे सकाळचं पूर्ण ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली, हे सगळ्यात बरं. हवा खेळती पाहिजे, भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका.

शेजारी कोण असावं हेही बघा. थाईम, ओरेगानो, रोझमेरी यांना पण कमी पाणी लागतं, त्यांच्याबरोबर एका मोठ्या कुंडीत चालेल. पुदिना आणि बेसिल पाण्याचे भुकेले, त्यांच्या सोबत एकाच कुंडीत लावलं तर एकाला उपाशी ठेवावं लागेल नाहीतर दुसऱ्याला बुडवावं लागेल. शिवाय पुदिना वर्षभरात अख्खी कुंडी गिळतो.

घरात खिडकीत वाढवायचं म्हणाल तर जमतं पण अवघड आहे, उजेड कमी पडतो. ग्रो लाईट (झाडांसाठीचा खास दिवा) लावणार असाल तर विचार करा, नाहीतर बाल्कनी, गच्ची, अंगण काहीही चालेल पण उघडी हवा द्या.

६. माती: इथे हात आखडू नका

टॅरागॉनला भारी सकस माती नको, पाणी न धरणारी माती हवी. कुंडीसाठी मी दोन भाग पॉटिंग मिक्स आणि एक भाग जाडी वाळू किंवा पर्लाईट घेते, त्यात दोन मुठी कंपोस्ट, बस. वाळू जाडीच घ्या. बारीक वाळू चिकणमातीत मिसळली तर विटेसारखं घट्ट होतं, आणि मग वाळू घालून उलट नुकसान होतं.

मिश्रण बरोबर झालं की नाही हे बघायची सोपी पद्धत सांगते. ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर अजून वाळू हवी. बोटाने टोचल्यावर लगेच फुटला तर झालं.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर घालायची सवय बऱ्याच जणांना असते, मलाही होती. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं, म्हणजे ओलीचा जो थर तळाला राहिला असता तोच खडीमुळे वर सरकून मुळांपाशी येतो. भोकावर एक जाळीचा तुकडा ठेवा माती गळू नये म्हणून, आणि बाकी पूर्ण कुंडी त्याच मिश्रणाने भरा.

जमिनीत चिकणमाती असेल तर खड्डा खणून त्यात छान माती भरायचा मोह होतो, ते करू नका, आजूबाजूच्या चिकणमातीतलं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं. त्याऐवजी २० ते ३० सेंटिमीटर उंच वाफा करा आणि त्यावर लावा.

७. लावणी

हिमकण पडायचे थांबले आणि माती थोडी ऊबदार झाली की लावा, वसंताची सुरुवात सगळ्यात चांगली.

रोप कुंडीतून काढायच्या तासभर आधी त्याला पाणी घाला म्हणजे मुळांचा गड्डा फुटत नाही. काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर बोटांनी हलक्या हाताने सोडवा, ओढू नका, ठिसूळ असतात. आधीच्या कुंडीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवा. बुंधा मातीखाली गाडला तर तो कुजतो, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बुंध्याभोवती दोन बोटं रुंद बारीक खडी पसरा, त्याने पाणी उडून पानांना माती लागत नाही आणि बुंधा कोरडा राहतो.

जमिनीत दोन रोपांमध्ये ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला फार मोकळं मोकळं वाटेल, पण मुळं आडवी पसरतात, दुसऱ्या वर्षी ती जागा भरते.

पहिलं पाणी भरपूर, तळातून गळेपर्यंत. नंतरचे तीनचार दिवस कडक उन्हापासून थोडं जपा.

८. पाणी: इथेच सगळे फसतात

टॅरागॉन पाण्याअभावी मेलंय असं मी फार क्वचित बघितलंय, जास्त पाण्याने मेलेली मात्र ढीगभर. आणि यात एक फसवं लक्षण आहे ते नीट समजून घ्या. मुळं कुजायला लागली की ती पाणी ओढू शकत नाहीत, मग पानं मलूल होतात, शेंडे खाली वाकतात. आपल्याला वाटतं तहान लागलीय, आपण आणखी पाणी घालतो. माझं दुसरं रोप असंच गेलं, रोज संध्याकाळी मान टाकलेली दिसायची आणि मी रोज संध्याकाळी पाणी घालायचे. शेवटी उपटून बघितलं तर पांढरी असायला हवीत ती मुळं तपकिरी, बोटात धरली की साल निसटून यायची, आणि नाल्यासारखा वास.

म्हणून झाड मलूल दिसलं की पाण्याचा झारा उचलायच्या आधी बोट मातीत घाला, दोन पेरांपर्यंत. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं आणि तरीही मलूल असेल तर पाणी पूर्ण बंद, कुंडी सावलीत वाऱ्यावर ठेवा, खाली बशी असेल तर काढून टाका.

बोट घालायचा कंटाळा येत असेल तर कुंडी उचलायची सवय लावा. पाणी घातल्यावर एकदा उचलून बघा, कोरडी झाल्यावर पुन्हा उचलून बघा, पंधरा दिवसांत हाताला वजन कळायला लागतं आणि मग बघावंही लागत नाही.

किती दिवसांनी घालायचं हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि त्याला आकडा नाही. कुंडी केवढी, कशाची, ऊन किती, वारा किती यावर सगळं आहे, मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा कितीतरी लवकर सुकते. वेळापत्रक लावून पाणी घालायचं झाड नाही हे. घालाल तेव्हा मात्र भरपूर घाला, रोज थोडं थोडं शिंपडू नका, आणि बुंध्याशी घाला, पानांवर नको. सलग पाऊस लागला तर कुंडी आडोशाला घ्या.

मेक्सिकन टॅरागॉन यापेक्षा जास्त ओल सोसतो, पण साचलेलं पाणी त्यालाही चालत नाही.

९. खत आणि शेंडे खुडणं

खत जवळजवळ नकोच. वसंतात एकदा मूठभर कंपोस्ट, कुंडी असेल तर उन्हाळ्यात एखाद्या वेळी पातळ केलेलं द्रवखत. नायट्रोजन जास्त झालं की झाड हिरवंगार फोफावतं, बघायला छान, पण फांद्या लेच्यापेच्या होतात आणि वास पातळ होतो.

शेंडे मात्र खुडा. फुटवा साधारण १५ सेंटिमीटरचा झाला की वरचा शेंडा पेराच्या जरा वर कापा, त्याच्या खालच्या पानांच्या बगलेतून नवीन फांद्या येतात आणि झाड डेरेदार होतं. खुडलं नाही तर उंच होऊन मधूनच आडवं पडतं. फुलांच्या कळ्या दिसल्या तर काढून टाका.

१०. पानं कधी आणि किती कापायची

लावल्यापासून सहा ते आठ आठवडे हात लावू नका, शेंडे खुडणं सोडून. नंतर सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आधी कापा, तेव्हा वास सगळ्यात भरलेला असतो. एकेक पान ओरबाडू नका, फांदीच कापा. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. धुताना पण हलक्या हाताने, पानं दाबली गेली की काळी पडतात.

पहिली थंडी पडायच्या साधारण महिनाभर आधी मोठी कापणी थांबवा, म्हणजे झाड मुळांत अन्न साठवून झोपायला जातं.

११. हिवाळा: वाळलं म्हणजे मेलं नाही

पहिल्यांदा लावणाऱ्यांनी हे खास वाचा. थंडी पडली की पानं पिवळी, मग तपकिरी, मग फांद्या काड्यांसारख्या. किती जणांनी या टप्प्यावर कुंडी रिकामी करून टाकली असेल कोण जाणे. मीही पहिल्या हिवाळ्यात कुंडी उलटी करायला घेतली होती, तेवढ्यात मातीत पांढरी टणक मुळं दिसली म्हणून थांबले. टणक पांढरी मुळं म्हणजे झाड जिवंत आहे.

वाळलेल्या काड्या पाचेक सेंटिमीटर ठेवून कापा, त्या खुणेसाठी पण उपयोगी पडतात. पाणी अगदी कमी, कुंडीतली माती धुळीसारखी कोरडी होऊ नये एवढंच. जमीन गोठत असेल तिथे वरून वाळलेल्या पानांचं किंवा पेंढ्याचं हलकं पांघरूण घाला, ओलं आणि घट्ट पांघरूण नको, आणि वसंत आला की लगेच काढा. कुंडीतल्या मुळांना जमिनीतल्यापेक्षा जास्त थंडी लागते, म्हणून फार कडाका असेल तर कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा न तापवलेल्या खोलीत ठेवा. ऊबदार घरात आणू नका, झोपमोड होते.

थंडीपेक्षा या काळात ओल जास्त घातक आहे हे लक्षात ठेवा.

१२. एकाची चार करणं

दोनतीन वर्षांनी झाडाचा मधला भाग विरळ होतो, फुटवे कडेकडेने यायला लागतात, वासही कमी होतो. मुळं एकमेकांत गुंतून घुसमटलेली असतात. तेव्हा गड्डा फोडून वेगळा करायचा, आणि हे न करणं हेच जुनं झाड हळूहळू मरण्याचं कारण असतं.

वसंताच्या सुरुवातीला, फुटवे दोनतीन सेंटिमीटरचे असताना करा. गड्डा उचलून माती झटका, उरलेली पाण्याच्या बादलीत हलवून धुवून काढा म्हणजे गुंता दिसतो. फावड्याने तोडू नका, बोटांनी सोडवा, जिथे सुटतच नाही तिथे स्वच्छ सुरी. मध्ये जाड, जून, लाकडासारखा भाग असतो तो टाकून द्या, कडेचे कोवळे पांढरे तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याला एक फुटवा किंवा डोळा आणि खाली थोडी मुळं असली की पुरे. लगेच लावा, उन्हात पडू देऊ नका.

कटिंगने करायचं असेल तर वसंताच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कोवळी पण घट्ट फांदी, १० ते १५ सेंटिमीटर, सकाळी, पेराच्या अगदी खाली कापा. खालची एक तृतीयांश पानं काढा, पर्लाईट आणि मातीच्या मिश्रणात खोचा, ओलसर ठेवा, थेट ऊन नको. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघा, अडलं की मुळं आली. पाच कटिंग लावली तर दोनतीन जगतील असं धरून चाला.

मेक्सिकनच्या बाबतीत हे सगळं सोपं आहे. बिया ऊबदार मातीवर टाकून वर अगदी पातळ माती भुरभुरा, एकदोन आठवड्यांत येतात, रोपं ३० सेंटिमीटरवर लावा. वाकलेल्या फांदीला जमिनीला टेकून आपोआप मुळं फुटतात.

१३. रोग किडी

फार नसतात, वासामुळे बरेचसे किडे लांब राहतात. तांबेरा आला तर लागलेल्या फांद्या बुडापासून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. पानांवर पांढरी भुरी आली तर दाटी कमी करा आणि पानं कोरडी ठेवा. शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढा. घरात ठेवलेल्या झाडाला कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, पानामागे बारीक जाळं दिसतं, त्यालाही धुणं हाच पहिला उपाय.

कुत्रं मांजर घरात असेल तर झाड त्यांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, त्यांना ते बाधतं. ज्यांना शेवंती, झेंडू अशा फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी पहिल्यांदा अगदी थोडं खाऊन बघा, कुळ एकच आहे. गरोदरपणात स्वयंपाकातलं चिमूटभर ठीक, पण काढा, तेल, औषध म्हणून नको.

१४. वापर आणि साठवण

वास उडून जाणारा आहे, म्हणून ताजी पानं गॅस बंद करायच्या आधी शेवटच्या मिनिटाला घाला. हात जपून, दोन कोवळ्या शेंड्यांत चार जणांचं ऑम्लेट होतं. फ्रेंच स्वयंपाकातल्या बेआर्नेज सॉसची चव याच्यावरच उभी आहे, आणि 'फीन झेर्ब' म्हणून चार कोवळ्या हर्ब्जचं जे मिश्रण असतं त्यात पार्स्ली, चाइव्ह्ज, चर्विल यांच्याबरोबर हे असतं. जॉर्जियात तर याचं हिरवंगार गोड सरबत करतात, त्याचं श्रेय १८८७ मध्ये ते बनवणाऱ्या मित्रोफान लागिद्झे यांना देतात.

वाळवून ठेवायचा विचार असेल तर आधीच सांगते, अर्ध्याहून जास्त वास जातो. फ्रीझरमध्ये बरंच टिकतं, पानं चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात किंवा वितळलेल्या लोण्यात गोठवा. मला सगळ्यात आवडतं ते व्हिनेगर: स्वच्छ धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या तीनचार फांद्या काचेच्या बाटलीत, वरून ५ टक्के आम्लतेचं व्हाईट वाइन व्हिनेगर, पानं पूर्ण बुडाली पाहिजेत, अंधारात दोनतीन आठवडे, मग गाळून घ्या.

तेलात मात्र ताजी पानं बुडवून बाहेर ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आम्लही नसतं, आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, वास किंवा रंग काहीच बदललेला दिसत नाही. तेल करायचंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनचार दिवसांत संपवा, उरलं तर टाकून द्या.